बाप्तिस्म्यानंतरची वर्षं

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती चरित्र उघडलं की एक तारीख हमखास भेटते. बाबा पदमनजींच्या चरित्रात ती १८५४ सालातली असते, पंडिता रमाबाईंच्या चरित्रात १८८३ मधली आणि नारायण वामन टिळकांच्या चरित्रात १० फेब्रुवारी १८९५ ही. त्या दिवशी बाप्तिस्मा झाला, मंडळीच्या वहीत नाव चढलं, बाहेर गहजब उडाला आणि पुष्कळदा घरच्यांनी माणूस गेला असं समजून आंघोळ केली. या तारखेचा दबदबा असा की तिच्याआधीचं सगळं आयुष्य तिची पूर्वतयारी ठरतं आणि नंतरचं उपसंहार. चरित्रकार तारखेपाशी पोचला की त्याला हायसं वाटतं. नायक तीरावर लागलेला असतो.

खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. कधी कधी ती तारखेच्या बरीच आधी सुरू झालेली असते आणि तारखेशी तिचा संबंध नावापुरताच असतो. ज्याला आपण धर्मांतर म्हणतो ते एका दिवसात उरकता येतं, कारण त्याला साक्षीदार लागतात, विधी लागतो, सही लागते. माणूस बदलणं एका दिवसात उरकत नाही. आज पटलेलं मत उद्या हाताला पटेल याची खात्री नसते. जिभेवर नवा देव आलेला असतो आणि हात जुन्याच सवयीनं पाण्याचा हंडा बाजूला सरकवत असतो. हे पुस्तक त्या हाताबद्दल आहे. ख्रिस्ती आयुष्यात माणूस हळूहळू कसा बदलतो, कुठं अडतो, कुठं मागं फिरतो आणि त्या हळूपणाची किंमत कोण मोजतं, हे मराठी माणसांच्या उदाहरणांवरून पाहावं, एवढाच हेतू.

विषय पाश्चात्त्य वाटण्याचा संभव आहे म्हणून आधी मूळ ग्रंथाकडे जाऊ. नव्या करारात एका झटक्यात बदललेला माणूस म्हणून पौलाकडे बोट दाखवलं जातं. दिमिष्काच्या रस्त्यावर प्रकाश पडला, तो खाली कोसळला, उठला तो दुसराच माणूस होऊन. पण गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात हाच पौल सांगतो की त्यानंतर आपण अरबस्तानात गेलो, पुन्हा दिमिष्कास आलो आणि तीन वर्षांनी यरुशलेमात पेत्राला भेटलो. त्या तीन वर्षांचा तपशील तो देत नाही. लखलखाट सगळ्यांच्या लक्षात राहतो आणि त्यामागची वर्षं वाचकाच्या हातून निसटतात.

मार्काच्या शुभवर्तमानात बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट आहे. येशूचे बाकीचे बहुतेक चमत्कार एका शब्दासरशी किंवा स्पर्शासरशी होतात. इथं मात्र हात दोनदा ठेवावा लागतो. पहिल्या खेपेला त्या माणसाला दिसायला लागतं पण धूसर, माणसं झाडांसारखी हलताना दिसतात. दुसऱ्यांदा हात ठेवल्यावर स्वच्छ दिसतं. ही गोष्ट मार्कानं जिथं ठेवली आहे ती जागाही पाहण्यासारखी आहे. तिच्या लगेच पुढं पेत्र येशूला ख्रिस्त म्हणून ओळखतो आणि त्याच दमात येशूच्या दुःखभोगाला विरोध करून बोलणी खातो. त्यालाही दिसायला लागलेलं असतं, पण धूसर.

पेत्राचीच पुढची हकीकत या पुस्तकाचा कणा आहे. प्रेषितांच्या कृत्यांत तो यापो गावी भर दुपारी धाब्यावर प्रार्थनेला गेला आहे, भूक लागली आहे, खाली स्वयंपाक चालला आहे. अशा वेळी त्याला दृष्टांत होतो. आकाशातून चादरीसारखं काहीतरी उतरतं, त्यात यहुदी माणसानं खाऊ नयेत असे सगळे प्राणी असतात आणि खा म्हणून आज्ञा होते. पेत्र नाही म्हणतो. आपण असलं अशुद्ध कधी तोंडाला लावलं नाही, असं देवाला ऐकवतो. हे तीनदा होतं. मग तो कर्नेल्य नावाच्या परजातीच्या शताधिपतीच्या घरी जातो आणि देव पक्षपाती नाही, असं सगळ्यांसमोर कबूल करतो. इथं गोष्ट संपायला हवी होती. ती संपत नाही. पुढं अंत्युखियात हाच पेत्र परजातीयांच्या पंगतीला बसत होता. यरुशलेमाहून कर्मठ मंडळी आली तसा तो हळूच उठून वेगळा बसू लागला. पौलानं त्याला तोंडावर सुनावलं आणि ते पत्रात लिहूनही ठेवलं.

दृष्टांत झालेला, पवित्र आत्मा लाभलेला, मंडळीचा आधारस्तंभ मानला गेलेला माणूस पंगतीत मागं सरला. महाराष्ट्रातल्या वाचकाला या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कोण कुणाच्या हातचं पाणी पितो आणि कुणाला पाहून ताट सरकवतो, यावर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या माणसं तोलली गेली आहेत. म्हणून ख्रिस्ती आयुष्यातल्या सावकाश बदलाची गोष्ट मराठीत सांगायची तर ती स्वयंपाकघरातूनच सांगावी लागते.

चर्चच्या परंपरेत या बदलाला पवित्रीकरण म्हणतात आणि त्यावर हजार दीड हजार वर्षं खल झाला आहे. चौथ्या शतकातल्या निस्साच्या ग्रेगरीनं म्हटलं की देव अनंत असल्यामुळे त्याच्याकडे जाणाऱ्याचा प्रवासही संपत नाही. पोचलो असं म्हणणारा वाटेतच थांबलेला असतो. ल्यूथरनं बाप्तिस्म्याला एका दिवसाची क्रिया न मानता रोजचं मरणं आणि रोजचं उठणं मानलं. इग्नेशियस लोयोलानं दिवसाचा हिशेब तपासायची शिस्त घालून दिली. वेस्लीनं माणसाला याच आयुष्यात प्रेमाची परिपूर्णता लाभू शकते असं सांगून मोठा वाद ओढवून घेतला. या सगळ्यांच्या मुळाशी एकच पेच आहे. हा बदल देवाच्या कृपेनं होतो की माणसाच्या खटपटीनं? पौलानं फिलिप्पैकरांना एकाच दमात दोन्ही सांगितलं आहे: भीत कापत आपलं तारण साधा, कारण तुमच्यात काम करणारा देवच आहे. हा पेच मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेला आहे. तुकोबांचे अभंग ऐकत वाढलेल्याला कृपा आणि नेम यांची एकत्र गाठ नवी नाही. टाळ आपण कुटायचा, पण फळ आपल्या कुटण्याचं नव्हे, हे वारकऱ्याला कुणी वेगळं शिकवत नाही.

हे पुस्तक महाबळेश्वरी बसून लिहिलं, त्यालाही कारण आहे. आज इथं येणारा माणूस पॉइंट पाहतो, स्ट्रॉबेरी घेतो आणि उतरतो. क्षेत्र महाबळेश्वर कृष्णेच्या उगमाचं, जुन्या देवळांचं. त्याच्या जवळ इंग्रजांनी वसवलेलं ठाणं मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या नावानं माल्कम पेठ म्हणून ओळखलं गेलं. त्या पेठेत साहेबांबरोबर मिशनरीही आले. अमेरिकन मराठी मिशनचे अ‍ॅलन ग्रेव्ह्ज १८१८ मध्ये मुंबईस आले होते. पुढं प्रकृती साथ देईना म्हणून ते या डोंगरावर येऊन राहिले आणि १८४३ मध्ये इथंच वारले. मराठी बायबलच्या कामाला हातभार लावणाऱ्यांपैकी ते एक. पुढच्या काळात नगर, सोलापूर, सातारा इथले मिशनरी एप्रिल-मेच्या तलखीत वर येत, सभा भरवत, नव्यानं आलेले तरुण मराठीचे धडे घेत आणि पाऊस लागायच्या आत खाली उतरत. टिळक दांपत्याचं इथलं येणंजाणं लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

मराठी शिकणाऱ्या त्या परदेशी तरुणांकडे पाहिलं तरी विषय उमगतो. शिकवायला आलेला माणूस आधी विद्यार्थी होऊन पंडितापुढं बसतो. त्याचे उच्चार सुधारायला एक उन्हाळा पुरत नाही, तर त्याच्या मनातला साहेब उतरायला किती उन्हाळे लागतील? बायबल मराठीत येण्याची गोष्टही अशीच. श्रीरामपूरच्या छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पहिले प्रयत्न झाले, अमेरिकन मिशनचा नवा करार १८२६ मध्ये निघाला, संपूर्ण बायबल १८४७ मध्ये. त्यावर पुन्हा दुरुस्त्यांवर दुरुस्त्या झाल्या. तरीही पंडिता रमाबाईंना ते बायांच्या बोलीत नाही असं वाटलं आणि मूळ हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी एकटीनं नवं भाषांतर हाती घेतलं. १९२२ मध्ये त्या वारल्या तेव्हा ते काम नुकतंच हातावेगळं झालं होतं.

बदलाला वर्षं लागतात हे त्याहीपूर्वी गोव्यात मिशनरी फादर स्टीफन्सना उमगलं होतं. नवख्रिस्ती लोकांचा बाप्तिस्मा झाला, मूर्ती गेल्या, पुराणं गेली, पण पुराण ऐकायला बसणारं मन तिथंच राहिलं. त्या मनाला काय द्यायचं? १६१६ मध्ये छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’ हे त्याचं उत्तर. हजारो ओव्यांचा ग्रंथ एका बैठकीत ऐकून होत नाही. तो वर्षानुवर्षं ऐकायचा असतो आणि ऐकता ऐकता माणसाच्या आत काहीतरी बसत जातं. त्या काळच्या गोव्यातल्या धर्मांतरांमागं सत्तेचा दंडा होता, हे विसरून चालणार नाही. दंड्यानं जे एका दिवसात झालं त्याला आतून अर्थ यायला ओव्या लागल्या, असं मात्र म्हणता येतं.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत बदलाची चाचणी पावाच्या तुकड्यावर होत असे. १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडायचा, एकेश्वराची प्रार्थना करायची, हा संकल्प. सभासद होणाऱ्यानं ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खाऊन दाखवायचा. सभा गुप्त होती. सभासद आत पाव खात आणि बाहेर जाऊन आपापल्या घरी सोवळ्यानं जेवत. १८६० च्या सुमारास सभेच्या वह्या चोरीला गेल्या, नावं फुटतील म्हणून सगळ्यांचं धाबं दणाणलं आणि सभा मोडली.

या सभेत बेळगावचे बाबा पदमनजी होते. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी आपला मार्ग पायरीपायरीनं सांगितला आहे. लहानपणीची भाविक पूजाअर्चा, मिशनच्या शाळेतले धडे, मूर्तिपूजेबद्दल आलेला संशय, मग परमहंस सभा, मग तिच्यातलं अपुरेपण. पटत जाणं आणि धाडस होणं या दोन गोष्टींमधलं अंतर त्यांनी लपवलेलं नाही. कितीतरी दिवस ते मनानं पलीकडे होते आणि देहानं अलीकडे. आत्मचरित्राचं नावच उजाडण्याचं आहे, आणि ते वाचताना कळतं की पदमनजींना नेमका सूर्य उगवल्याचा क्षण पकडायचा नव्हताच. अंधार कसा विरळ होत गेला हे त्यांना सांगायचं होतं.

रमाबाईंची वाट उलटी. त्यांचा बाप्तिस्मा आधी झाला आणि प्रचीती नंतर आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातल्या वाँटेज इथं त्यांनी दीक्षा घेतली. त्यानंतर तिथल्या मठातल्या भगिनींशी त्यांचे जे वाद झाले ते पत्रांतून उपलब्ध आहेत. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्या अडत, बिशपांच्या अधिकारावर प्रश्न करत, आपला शाकाहार सोडायला तयार नसत. त्या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डिनना यात अहंकार दिसला. आज ती पत्रं वाचणाऱ्याला एक बाई आपल्या विवेकाचा सौदा न करता पुढं सरकताना दिसते. १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत रमाबाई स्वतःच सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षं जावी लागली. आठ वर्षं! या काळात त्या अमेरिकेत फिरल्या, पुस्तक लिहिलं, शारदा सदन उघडलं. जगाच्या दृष्टीनं त्या नामांकित ख्रिस्ती होत्या. आत काय चाललं होतं हे त्यांनी सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं.

आता या पुस्तकातल्या सगळ्यात मोठ्या प्रकरणाकडे येतो. ते लक्ष्मीबाई टिळकांचं आहे आणि त्यांच्या पतीपेक्षा त्यांना जास्त पानं दिली आहेत, ती विचार करून.

नारायणरावांचा बदल कवीचा होता. १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी गाठ पडली, त्यानं नवा करार हातात दिला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं आणि ते खरं झालं. डोंगरावरचं प्रवचन वाचून टिळक भारावले. लक्ष्मीबाई अशा भारावणाऱ्यांतल्या नव्हत्या. १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरला गोखल्यांच्या घरात त्या जन्मल्या. आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यानं लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे. विटाळ म्हणजे काय हे ही मुलगी शास्त्रातून शिकली नाही. ते रोजच्या धुण्यातून, ओल्या वस्त्रांतून, वडिलांच्या ओरडण्यातून तिच्या अंगात मुरलं. असं जे मुरतं ते व्याख्यानानं निघत नाही.

टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या आकांत करत राहिल्या. लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन काही वर्षं पंढरपुरात बहिणीच्या घरी काढली. पुढं नगरला आल्या, तरी नवऱ्याच्या घरात मिसळल्या नाहीत. वेगळं बिऱ्हाड, वेगळी चूल, पाणी आपलं आपण भरायचं, स्वयंपाक आपला आपण करायचा. नंतर एका छपराखाली आल्या तेव्हाही सोवळं सुटलं नव्हतं. टिळकांचा राग नाकावर असे, पण या बाबतीत त्यांनी जबरदस्ती केली नाही. घरात ख्रिस्ती प्रार्थना चाले आणि त्याच घरात शेजारी ब्राह्मणी चूल पेटे. ‘स्मृतिचित्रे’तली ही पानं वाचताना हसू येतं, कारण लक्ष्मीबाई स्वतःलाही सोडत नाहीत. पण त्या हसण्याखाली एक विलक्षण गोष्ट घडत असते. नवरा बायकोच्या विटाळाला मान देतो आणि त्या मान देण्यानंच तो विटाळ सैल होऊ लागतो.

मग एक दिवस येतो. कुणी प्रवचन केलेलं नाही, दृष्टांत झालेला नाही. त्या एकट्याच विचार करत बसल्या आहेत आणि प्रश्न पडतो तो असा: जाती देवानं केल्या की माणसानं? देवानं केल्या असत्या तर जनावरांत जसा जातीजातींत डोळ्यांना दिसणारा फरक आहे, तसा माणसांतही दिसला असता. तसा तर कुठं दिसत नाही. मग हे माणसाचंच काम. एवढा साधा विचार, आणि त्यावर त्या ठरवून टाकतात की आजपासून कुणाच्याही हातचं खायचं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

या प्रसंगाला काही अभ्यासक क्षणार्धातलं परिवर्तन म्हणतील. तो क्षण खरा आहेच. पण त्याच्या मागं केवढी वर्षं उभी आहेत ती मोजा. पंढरपूरचं एकटेपण, नगरची वेगळी चूल, ख्रिस्ती बायकांशी झालेली ओळख, त्यांच्या मुलाबाळांची आजारपणं, नवऱ्याचं न रागावणं. विचार एका क्षणाचा होता आणि तो पचवू शकणारं शरीर तयार व्हायला पाचएक वर्षं लागली. सोवळ्याच्या वेडात वाढलेल्या मुलीला नगरच्या पहिल्याच दिवशी कुणी हा युक्तिवाद ऐकवला असता तर तिनं तो शांतपणे ऐकून घेतला असता आणि उठून हंडा घासायला घेतला असता.

आणखी एक गोष्ट. लक्ष्मीबाईंच्या या निर्णयात ख्रिस्ताचं नाव आधी येत नाही, जात आधी येते. पेत्राच्या बाबतीतही तेच झालं होतं. यापोच्या धाब्यावर त्याला प्रश्न पडला तो काय खावं आणि कुणाच्या घरी जावं, हा. परमेश्वरासंबंधीचं मोठं सत्य त्याला ताटातून कळलं. आध्यात्मिक बदल प्रथम आत होतो आणि मग वागण्यात उतरतो, असा आपला समज असतो. या दोघांची उदाहरणं सांगतात की पुष्कळदा हात आधी पुढं होतो आणि मन मागून येतं.

टिळकांचं प्रकरण मी साताऱ्यातून सुरू केलं आहे. चरित्रात सातारा शेवटी येतो, पण इथं तो आधी यावा असं वाटलं. १९१७ मध्ये, वयाच्या छपन्नाव्या वर्षाच्या आसपास, टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचा एक बंधुसंघ त्यांना हवा होता. बाप्तिस्म्यासाठी ज्यानं घरदार पणाला लावलं तोच माणूस बावीस वर्षांनी म्हणू लागला की ख्रिस्ताच्या दरबारात यायला बाप्तिस्म्याची अट नको. मिशनमधल्या अनेकांना हे मागं जाणं वाटलं. मला त्यात एक सलग वाट दिसते. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. वय वाढत गेलं तसं त्या पुलाचं ऋण त्यांना जास्त जाणवू लागलं. अभंग, कीर्तन, भगवी वस्त्रं ही त्याची बाहेरची खूण. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले. दरबाराला जेमतेम दोन वर्षं मिळाली.

टिळकांच्या कुठल्याच टप्प्यावर माणूस पूर्ण झाला असं म्हणता येत नाही. ते तापट होते, विसरभोळे होते, हातातला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होत आणि घरात काय शिजणार याची चिंता बायकोवर सोडत. दीक्षेनं हे स्वभाव धुतले गेले नाहीत. संन्यास त्यांनी घेतला आणि संसार लक्ष्मीबाईंनी ओढला, हेही खरं. संतचरित्रात हे खपत नाही. मला वाटतं, इथंच या चरित्राचा उपयोग आहे. देव ज्या माणसात काम करतो त्याचा स्वभाव तो आधी बदलून घेत नाही. आहे त्याच स्वभावाच्या माणसाला कामाला लावतो. त्यांच्यामागं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं. नवऱ्याकडून अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढं नेलं. बाप्तिस्म्याला रडणारी बाई ख्रिस्ताचं आख्यान ओवीबद्ध करते, हा बदल कुठल्या तारखेला नोंदवणार?

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की हे पुस्तक सावकाशपणाची तरफदारी करतं. तसं असतं तर ते लिहिलं नसतं. हळूहळू या शब्दामागं लबाडीही दडून बसते. परमहंस सभेचे लोक हळूहळूच चालले होते आणि सभा मोडेपर्यंत घरातल्या पंगतीत काही बदललं नाही. लक्ष्मीबाईंना तयार व्हायला पाच वर्षं लागली हे आपण कौतुकानं वाचतो, पण त्या पाच वर्षांत ज्यांच्या हातचं पाणी त्या घेत नव्हत्या ती माणसंही नगरातच राहत होती. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य महार आणि मांग समाजांतले होते. त्यांनी आत्मचरित्रं फारशी लिहिली नाहीत, म्हणून सावकाश बदलाच्या आपल्याकडच्या नामांकित गोष्टी बहुतांशी वरच्या जातींतल्या आहेत. ज्याला सोवळं सोडायचं होतं त्याचा झगडा आपल्याला पानोपानी सापडतो. ज्याला लोक शिवत नव्हते, तो समोरच्याचं मन तयार होईपर्यंत काय करत होता, हे कुणी विचारलं नाही. आणि चर्चमध्ये आल्यावर तरी त्याची जात सुटली का? कायद्यानं ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातींतून वगळलं, गावानं मात्र त्याला त्याच्या जुन्या जातीतच ठेवलं. काही ठिकाणी मंडळीनंही.

अंत्युखियाच्या प्रसंगाचं महत्त्व इथं कळतं. पेत्राला वेळ लागतो आहे, त्याला सांभाळून घ्या, असं पौल म्हणाला असता तर ते प्रेमळ दिसलं असतं. तो तसं म्हणाला नाही. कारण पंगतीतून पेत्र उठला तेव्हा ज्यांच्याजवळून तो उठला ती माणसं तिथंच बसलेली होती. स्वतःच्या बाबतीत माणसानं धीर धरावा, हे योग्यच आहे. दुसऱ्याच्या अपमानाच्या जोरावर धरलेला धीर हा धीर नव्हे. म्हणून या पुस्तकात प्रत्येक चरित्राला दोन प्रश्न विचारले आहेत. हा माणूस किती बदलला, आणि त्याला बदलायला जो वेळ लागला तो कुणाच्या खात्यातून खर्च झाला?

पुस्तकाची मांडणी यातूनच ठरली. पहिल्या भागात पेत्र, पौल आणि आरंभीच्या चर्चमधले वाद आहेत. दुसऱ्या भागात स्टीफन्स, पदमनजी, रमाबाई आणि टिळक दांपत्य. तिसरा भाग नावं नसलेल्यांचा आहे: मिशनच्या अहवालांत एका ओळीत येणाऱ्या बायबलबाया, गावोगाव भजन घेऊन फिरणारे प्रचारक, दुष्काळात पोरकी झालेली आणि मिशनच्या वसतिगृहांत वाढलेली मुलं. त्यांच्या आयुष्यातल्या बदलाचा पुरावा तुटपुंजा आहे आणि तो भाग त्यामुळे लहान झाला आहे. तो लहान का आहे हेही वाचकानं ध्यानात घ्यावं.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही हे पुस्तक परकं वाटू नये असा प्रयत्न केला आहे. ज्याला कुठलंही व्रत, कुठलीही शपथ, कुठलीही नवी समजूत रोजच्या जगण्यात उतरवताना दमछाक झाली असेल त्याला लक्ष्मीबाईंची वेगळी चूल ओळखीची वाटेल. ख्रिस्ती वाचकाला एवढीच विनंती की चरित्रातली तारीख आली की तिथं थांबू नये. पुढची चार पानं उलटावीत आणि घरात पाणी कोण भरतं, ताट कुणाशेजारी मांडलं जातं, भांडण झाल्यावर आधी कोण बोलतं, हे पाहावं. तिथं काही हललं असेल तर तारखेला अर्थ आहे. तिथं काहीच हललं नसेल, तर मंडळीच्या वहीतल्या नोंदीवर भरवसा ठेवू नये, मग ती नोंद कितीही सुवाच्य अक्षरात केलेली असो.

महाबळेश्वर, वैशाख